म्हातारपणाचें सोनें

गेल्या गुरुपुष्याच्या आदल्या सायंकाळीं आमचे एक जुने विद्यार्थी भेटावयास आले. शाळेंत शब्दरूपें चालवितांना यांस घाम फुटत असे; परंतु पुढें एका कारखान्यांत त्यांनीं पस्तीस वर्षें इमानानें नोकरी केली आणि नुकतेच ते निवृत्त झाले. हातांत पेढ्यांचा पुडा होता. नमस्कार झाला, क्षेमकुशल झालें, आणि मग त्यांनीं मुद्द्यास हात घातला. "गुरुजी, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून तीस लाख रुपये हातीं आले आहेत. पेन्शन म्हणाल तर नांवापुरती. उद्यां मुहूर्त चांगला आहे. सगळ्या रकमेचें सोनें आणि थोडी चांदी घेऊन टाकावी म्हणतों. आपण सराफाकडे बरोबर याल का?"

आम्हीं विचारलें, "अरे, सगळ्याचें सोनें घेतलेंस तर पुढल्या महिन्याचें वाणसामान कशांतून भरशील?"

"त्यांत काय, गुरुजी? लागेल तसें विकूं."

हे तीन शब्द त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईनात. सोनें घेणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. घेतांना विकण्याचा विचार करणारीं फार थोडीं पाहिलीं. घेण्याचा दिवस मुहूर्ताचा असतो, पेढ्यांचा असतो. विकण्याचा दिवस बहुधा आजाराचा, नडीचा किंवा वाटणीचा असतो. आज आम्हांस वाचकांपुढें एवढेंच ठेवावयाचें आहे कीं, उतारवयाच्या सोयीसाठीं ज्यास सोनें घ्यावयाचें आहे त्यानें तें घेण्यापूर्वीं विकण्याचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका हा एक दिवस विसरल्यामुळें होतात.

आपल्या जुन्या भाषेंत 'योगक्षेम' असा एक अर्थगर्भ शब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हें क्षेम. नोकरीचीं वर्षें योगाचीं, निवृत्तीनंतरचीं क्षेमाचीं. सोनें हा मुळांत क्षेमाचा पदार्थ आहे. तें गंजत नाहीं, सडत नाहीं, राज्य बदललें तरी ओळखलें जातें. परंतु तें दुभतें जनावर नव्हे. कपाटांत ठेवलेल्या दहा ग्रॅमांचे दहा वर्षांनींही दहाच ग्रॅम भरतात. ज्यास दरमहा दूध, औषध, विजेचें बिल आणि नातवंडांचा खाऊ भागवावयाचा आहे, त्यानें दुधाची आशा खुंट्यापासून धरूं नये. खुंटाही घरीं हवा. पण गाईच्या ऐवजीं नव्हे.

येथें आमचीच एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. सांगतांना संकोच होतो. परंतु दुसऱ्यास उपदेश करणाऱ्यानें आपली चूक झांकून ठेवणें बरें नव्हे.

सन २०१६ मध्यें आम्ही निवृत्त झालों तेव्हां हातीं आलेल्या रकमेंतून आमच्या मंडळींसाठीं चाळीस ग्रॅमांच्या पाटल्या आणि एक ठुशी केली. शाळामास्तराच्या संसारांत त्यांच्या हातीं कांचेच्या बांगड्यांखेरीज कांहीं आलें नव्हतें. पाटल्या देतांना आम्ही म्हणालों, "या तुझ्या." आणि त्याच रात्रीं जमाखर्चाच्या वहींत 'शिल्लक' या सदराखालीं दोन्ही दागिन्यांची किंमत मांडून ठेविली. दोन वर्षांनीं आमच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. मुलानें आपल्या परीनें भर घातली, तरी रक्कम पुरेना. तेव्हां आमच्या मंडळींनीं कांहीं न बोलतां पाटल्या उतरविल्या, ठुशी काढली, आणि दोन्ही वस्तु आमच्या त्याच वहीवर आणून ठेविल्या.

सराफाकडे गेल्यावर काय झालें तें ऐका. ठुशींत लाख होती. तिचें वजन वजा झालें. दागिन्यांवर शिक्का नव्हता आणि पावती घरांत सांपडेना. म्हणून सोनें आटवून कस पाहावा लागला. घडणावळ तर गेलीच. त्या दोन वर्षांत सोन्याचा भाव फारसा हललेला नव्हता. तरीही वहींत मांडलेल्या आंकड्याच्या पाऊणपट पैसे हातीं आले. पैशाचा तो तोटा आम्ही केव्हांच विसरलों. परंतु संक्रांतीस त्या वाण द्यावयास हात पुढें करतात तेव्हां आमची मान अजून खालीं जाते. कारण चूक सराफाची नव्हती, भावाचीही नव्हती. आम्हीं एकच वस्तु दोन ठिकाणीं मांडली होती: त्यांच्या हातांत देणगी म्हणून आणि आमच्या वहींत शिल्लक म्हणून. विकण्याचा दिवस उगवतांच दोहोंपैकीं एक खोटें ठरणारच होतें. आमची देणगी खोटी ठरली.

म्हणून आमचा पहिला इशारा हाच कीं, दागिना आणि शिल्लक यांची गल्लत करूं नये. सुनेला, लेकीला, पत्नीला दागिना द्यावयाचा असेल तर तो आनंदानें द्यावा आणि वहींतून खर्ची टाकावा. तो त्यांचा झाला. स्त्रीधनाचा विचार आपल्या शास्त्रांत फार जुना आहे. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि आणि बंधन अशा प्रसंगीं पतीनें घेतलेलें स्त्रीधन परत देण्याचें बंधन त्याजवर नाहीं असें याज्ञवल्क्याचें मत आहे, आणि आम्हीं त्या व्याधीच्या अपवादावर मन निर्धास्त ठेविलें होतें. परंतु सन २०२४ मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें कीं, स्त्रीधनावर पतीची सत्ता नाहीं. संकटांत त्यानें तें वापरलें तरी तें किंवा त्याचें मोल परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याजवर राहते. हा निकाल वाचल्यापासून आमची निर्धास्तता गेली.

दागिना हा गुंतवणूक म्हणून किती महाग पडतो हें आंकड्यांनींच पाहावें. हिशेब सोपा व्हावा म्हणून दहा ग्रॅमांचा भाव १,००,००० रुपये धरूं. पन्नास ग्रॅमांचा दागिना घेतला तर सोन्याचे ५,००,००० रुपये झाले. घडणावळ नक्षीप्रमाणें कमीअधिक असते. ती शेंकडा १२ धरली तर ६०,००० रुपये. या ५,६०,००० रुपयांवर शेंकडा ३ प्रमाणें वस्तु व सेवा कर १६,८०० रुपये. घरीं येईपर्यंत दागिना ५,७६,८०० रुपयांस पडला. आतां तोच दागिना दुसऱ्या दिवशीं मोडावयास नेला असें समजा. कर गेला, घडणावळ गेली, आणि शेंकडा २ घट धरली तर हातीं ४,९०,००० रुपये येतील. एका रात्रींत ८६,८०० रुपये गेले. नुसतें मुद्दल परत मिळावयाचें तर सोन्याचा भाव जवळजवळ शेंकडा १८ नीं चढावा लागेल. उलट तितक्याच किंमतीचें चोख सोन्याचें वेढणें घेतलें आणि मजुरी शेंकडा १ धरली, तर कर धरून तें ५,२०,१५० रुपयांस पडतें. विकतांना पुरता भाव मिळाला तर तोटा २०,१५० रुपयांचा, म्हणजे शेंकडा ४ हूनही कमी. हा फरक ज्यानें एकदां कागदावर मांडून पाहिला तो पुन्हां नक्षीदार तोड्यांस म्हातारपणाची ठेव म्हणणार नाहीं.

वाचक विचारतील, मग आपल्या वाडवडिलांनीं सोनें दागिन्यांच्याच रूपानें कां ठेविलें? हौस आणि प्रतिष्ठा हीं कारणें आहेतच. परंतु कायद्याचेंही एक कारण होतें. जानेवारी १९६३ मध्यें सुवर्णनियंत्रण आलें. १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि दागिन्यांखेरीज बाळगलेलें सोनें जाहीर करण्याचें बंधन आलें. पुढें १९६८ च्या कायद्यानें खाजगी माणसानें लगडी किंवा कांबी बाळगणें निषिद्ध झालें. तो कायदा १९९० मध्यें रद्द झाला. एका पिढीस दागिन्यांतच सोनें निर्धोक वाटे, तें उगाच नव्हे. कारण गेलें, संवय मात्र राहिली.

दुसरी चूक वजनाची आणि कसाची. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत सोनाराच्या हातचलाखीचे पांच प्रकार नांवें देऊन सांगितले आहेत: तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. पहिला प्रकार खोट्या तराजूचा आहे. बाकीचे सोनें काढून घेणें, बदलणें, आंत हलकी धातु दडविणें, मिसळणें अशा तऱ्हेचे आहेत. इतक्या प्राचीन काळीं राज्यकर्त्यांस ज्याची चिंता वाटली, त्याविषयीं आजच्या गृहस्थानें बेफिकीर राहणें बरें नव्हे. बहुतेक सराफ सचोटीचे असतात. पण सचोटी तपासून घेण्यांत सचोटीच्या माणसाचा अपमान होत नाहीं.

आधीं तोळ्याची गोष्ट. जुना तोळा बारा माशांचा, म्हणजे ९६ गुंजांचा. त्याचे सुमारें ११.६६ ग्रॅम होतात. आजच्या बाजारांत मात्र दहा ग्रॅमांसच तोळा म्हणण्याची रीत पडली आहे. आजीच्या पाटल्या 'चार तोळ्यांच्या' आणि सुनेच्या 'चार तोळ्यांच्या' यांत साडेसहा ग्रॅमांहून अधिक अंतर पडतें. यास्तव बोलतांना कांहीं म्हणा. पावतीवर ग्रॅमच लिहून घ्या.

कसाचें म्हणाल तर २४ कॅरट म्हणजे चोख सोनें. २२ कॅरट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनें. १८ कॅरट म्हणजे ७५० भाग. दागिना २२ कॅरटचा असेल तर भावही २२ कॅरटचाच लागला पाहिजे. फळ्यावरील मोठा आंकडा कोणत्या कसाचा आहे हें आधीं विचारावें. दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण, शुद्धतेचा आंकडा आणि अक्षरें व अंक मिळून सहांचा एचयूआयडी क्रमांक अशा तीन गोष्टी असतात. १ एप्रिल २०२३ पासून सराफास या क्रमांकावांचून हॉलमार्कचा दागिना विकतां येत नाहीं. हा क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईलवरील ॲपमध्यें घातला कीं दागिन्याची नोंद पाहावयास मिळते. घरांतील कॉलेजांत जाणारा कोणताही मुलगा हें काम दोन मिनिटांत करून देईल. शुद्धता शिक्क्याहून कमी भरली तर जितकी तूट निघेल तिच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मागण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे. मात्र त्यासाठीं पावती हवी. कर वांचविण्याकरितां 'पावतीवांचून घ्या, तेवढेच तीन टक्के वांचतील' असें कोणी सुचविलें तर कानांवर हात ठेवावा. ते तीन टक्के विकण्याच्या दिवशीं दहापट होऊन अंगावर येतात. आमची ठुशी साक्ष आहे.

वेढणें किंवा नाणें घेतांनाही एक प्रश्न दुकानांतच विचारावा: "हें आपण परत घ्याल का, आणि घेतांना काय वजा कराल?" उत्तर पावतीच्या मागें लिहून घेतां आलें तर उत्तम. कित्येक बँका आकर्षक वेष्टनांत सोन्याचीं नाणीं विकतात; परंतु बँकांस तीं परत विकत घेण्याची मुभा नाहीं. घेतलें बँकेंतून आणि विकावयास जावें सराफाकडे, असा प्रकार होतो. शिवाय बँकेचें नाणें बहुधा महागही पडतें.

सराफांच्या मासिक हप्त्यांच्या योजनांविषयींही थोडें बोललें पाहिजे. अकरा महिने हप्ते भरावे आणि शेवटीं सूट घेऊन दागिना न्यावा अशी ही भिशी असते. लेकीच्या लग्नाकरितां दागिना करावयाचा असेल तर गोष्ट वेगळी. पण ही ठेव नव्हे आणि सोनेंही नव्हे. तो केवळ दुकानदाराचा शब्द आहे. बँक बुडाली तर ठेवीदारास विम्यामुळें पांच लाखांपर्यंत संरक्षण असतें. दुकानास कुलूप लागलें तर हप्ते भरणारा नुसता एक धनको होऊन दाराशीं उभा राहतो.

आतां चांदी. सोनें महाग झालें म्हणून आमच्या त्या विद्यार्थ्यासारखे पुष्कळजण चांदीकडे वळतात. 'गरिबाचें सोनें' हें तिचें नांव गोड आहे, पण फसवें आहे. सोन्याचा मोठा भाग साठून राहतो. चांदीचा मोठा भाग कारखान्यांत, विजेच्या उपकरणांत आणि सौर तावदानांत खपतो. त्यामुळें कारखानदारी मंदावली कीं चांदी गडगडते, आणि सट्टेवाल्यांच्या हातीं पडली कीं उसळते. जानेवारी १९८० मध्यें अमेरिकेंत चांदी औंसास सुमारें ५० डॉलरांवर गेली होती. हंट बंधूंनीं अफाट सांठा करून ती चढविली होती. मार्चअखेर ती ११ डॉलरांच्या आसपास येऊन पडली. पुन्हां ५० च्या जवळ जाण्यास तिला एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि तेथूनही ती २०१५ च्या अखेरीस १४ डॉलरांच्या खालीं आली. जुना उच्चांक तिनें ओलांडला तो ऑक्टोबर २०२५ मध्यें. पंचेचाळीस वर्षें! तरुणास इतका धीर धरतां येईल. साठीच्या माणसानें कशाच्या भरंवशावर धरावा? शिवाय चांदीचीं ताटें, तांबे, समया यांत घडणावळ असते, झाळ असते, आणि थोड्या रकमेच्या चांदीलाही कपाट पुरत नाहीं. देवघरांत निरांजन चांदीचें असावें. म्हातारपणाचा आधार चांदीचा असूं नये.

सोन्याचा भाव केवळ चढतोच, हा समजही असाच खोटा आहे. जानेवारी १९८० मध्यें सोनें औंसास ८५० डॉलर झालें. तो आंकडा पुन्हां दिसण्यास जानेवारी २००८ यावा लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होऊन त्या शिखरावर ज्यानें सोनें घेतलें असेल, तो डॉलरांत मुद्दल परत पाहीपर्यंत शहाऐंशी वर्षांचा झाला असेल. आपल्याकडे रुपयाचें मोल डॉलरापुढें उतरत गेल्यामुळें ही घसरण तितकी जाणवली नाहीं, हें खरें. तरीही २०१२ च्या अखेरीस दहा ग्रॅमांस एकतीस-बत्तीस हजारांवर असलेला भाव २०१५ च्या मध्यास पंचवीस हजारांच्या आसपास आला होता. त्या अडीच-तीन वर्षांत ज्यास शस्त्रक्रिया करावी लागली त्यास 'थांबा, भाव चढेल' हें सांगून काय उपयोग? एप्रिल २०२५ मध्यें दहा ग्रॅमांचा भाव प्रथमच लाखावर गेला, आणि त्या वर्षीं ज्यांनीं आयुष्यांत कधीं सोन्याची चौकशी केली नव्हती तेही सराफकट्ट्यावर दिसूं लागले. भाव चढल्याची वार्ता वाचून निघणारा मनुष्य बहुधा उशिरां पोंचतो.

यावर उपाय एकच. सगळी खरेदी एका दिवशीं करूं नये. जितकें सोनें घ्यावयाचें ठरेल त्याचे दहा-बारा भाग करून वर्ष-दीड वर्षांत घ्यावें. कांहीं महाग पडेल, कांहीं स्वस्त पडेल, सरासरी सोसवेल. मुहूर्ताचा मान राखावयाचा असेल तर त्या दिवशीं एक ग्रॅम घ्यावें, देवापुढें ठेवावें. पुष्यनक्षत्र एका ग्रॅमावरही तितकेंच प्रसन्न होतें.

ज्यांस केवळ भावाचा लाभ हवा आहे आणि धातु हातीं घेण्याची गरज नाहीं, त्यांच्यासाठीं कागदी मार्ग आहेत. सरकारचे सुवर्णरोखे नोव्हेंबर २०१५ मध्यें सुरू झाले. मुदत आठ वर्षें, आणि वर पुढें-पुढें शेंकडा अडीच व्याज. पहिले रोखे ग्रॅमास २,६८४ रुपयांनीं विकले गेले आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें ६,१३२ रुपयांनीं फेडले गेले. पण फेब्रुवारी २०२४ च्या विक्रीनंतर नवे रोखे निघालेले नाहींत. जुने रोखे शेअरबाजारांत मिळतात. तेथें गिऱ्हाईक थोडें असतें, म्हणून पुन्हां तोच प्रश्न: विकण्याच्या दिवशीं घेणारा मिळेल का? दुसरा मार्ग गोल्ड ईटीएफचा. हे फंड सेबीच्या देखरेखीखालीं असतात, त्यांस घडणावळ नसते आणि लागेल तेवढाच भाग विकतां येतो. डीमॅट खातें मात्र लागतें आणि फंडाचा वार्षिक खर्च वजा होतो. तिसरा प्रकार मोबाईलवर दहा-वीस रुपयांनीं मिळणाऱ्या 'डिजिटल गोल्ड'चा. हीं उत्पादनें आपल्या नियमनाखालीं येत नाहींत, असा इशारा सेबीनें नोव्हेंबर २०२५ मध्यें दिला आहे. ज्याची दाद कोणाकडे मागावी हें ठाऊक नाहीं तेथें निवृत्ताचा पैसा जाऊं नये.

राहिला ठेवण्याचा प्रश्न. घरीं ठेवलें तर चोराची भीति; बँकेच्या लॉकरांत ठेवलें म्हणजे सर्व काळजी मिटली असेंही नाहीं. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें चोरी, आग, इमारत कोसळणें किंवा नोकरांची लबाडी यांमुळें नुकसान झालें तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. भाडें तीन हजार असेल तर तीन लाख. आंत वीस लाखांचें सोनें असलें तरी तीनच लाख. भूकंप, पूर यांसारख्या दैवी आपत्तींची जबाबदारी, बँकेचा हलगर्जीपणा नसल्यास, तिजवर नाहीं. म्हणून विम्याची चौकशी करावी, आणि लॉकरास नामनिर्देशन अवश्य करावें.

याहूनही मोठी चूक म्हणजे मौन. एकत्र कुटुंबांत कर्ता पुरुष कोणास न सांगतां वेढणीं ठेवतो, आणि एके दिवशीं त्याची वाचा जाते किंवा तोच जातो. मग किल्ली कोणाकडे, किती होतें, कोणाचें होतें यावरून सख्ख्या भावांचीं तोंडें वर्षानुवर्षें एकमेकांकडे वळत नाहींत. एक यादी करावी: वस्तु, वजन, कस, पावतीचा क्रमांक, आणि ही वस्तु कोणाची. शेवटचें घर सर्वांत महत्त्वाचें. सुनेच्या माहेरचें तें तिचें, आईचें तें आईचें, ठेव म्हणून घेतलेलें तें आपलें. पत्नीस आणि मुलांपैकीं निदान एकास ही यादी दाखवावी. मृत्युपत्र असेल तर तिची एक प्रत त्याजबरोबर ठेवावी.

आतां कोणी विचारील, एकूण किती सोनें घ्यावें? हें आमचें मत आहे, शास्त्रवचन नव्हे. आधीं एक वर्षाचा घरखर्च आणि औषधपाण्याची रक्कम बँकेंत हाताशीं ठेवावी. मग दरमहा किंवा दर तिमाहीस निश्चित व्याज देणाऱ्या ठिकाणीं मोठा भाग गुंतवावा. सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना, जींत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवतां येतात आणि तिमाहीस व्याज मिळतें, ती अशांपैकीं एक. एवढें झाल्यावर जें उरेल त्यांतून सोनें घ्यावें, आणि तें एकूण पुंजीच्या दहाव्या भागाहून फार अधिक नसावें. तें आडगिऱ्हाइकी दिवसाकरितां आहे, रोजच्या दिवसाकरितां नव्हे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचे विद्यार्थी ठरल्याप्रमाणें आले. आम्हीं त्यांस घराच्या पायरीवरच बसविलें आणि वरील हिशेब कागदावर मांडून दाखविला. पाटल्यांची गोष्टही सांगितली. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "गुरुजी, घरून निघतांना हिनें विचारलें होतें, 'सोनें माझ्यासाठीं घेतां कीं घरासाठीं?' मी म्हटलें, एकच तें."

"एकच नाहीं रे," आम्ही म्हणालों.

आम्ही दोघे सराफाकडे गेलों. त्यांनीं दोन ग्रॅमांचें वेढणें घेतलें, पावती घेतली, परत घेण्याची अट विचारून लिहून घेतली. त्याखेरीज पत्नीसाठीं कानांतलीं लहानशीं फुलें घेतलीं, आणि तीं वेगळ्या डबींत ठेवावयास सांगितलीं. बाकीच्या पैशांचें पाहण्यास सोमवारीं बँकेंत जाण्याचें ठरलें.

घरीं परतल्यावर आम्हीं आपली जुनी वही काढली. २०१६ सालचें 'शिल्लक' सदरांतलें तें पान अजून तसेंच होतें. त्यावर काट मारून चालू पानावर 'देणें' या सदराखालीं लिहिलें: पाटल्या, चाळीस ग्रॅम. आजच्या भावानें हें देणें एका मास्तराच्या पेन्शनींतून केव्हां फिटेल हें सांगवत नाहीं. दरमहा अर्धा ग्रॅम जमला तरी पुष्कळ. आमच्या मंडळींस यांतलें कांहीं सांगितलेलें नाहीं. परंतु हा अंक घरीं आल्यावर त्या तो आमच्याआधीं वाचतात, हें आम्हांस ठाऊक आहे.